भिजलेल्या घड्याळाचं काय करायचं?

चावीचं जुनं घड्याळ पाण्यात भिजलं की सल्ला द्यायला सगळं घर पुढे येतं. एक जण म्हणतो तांदळात ठेवा. दुसरा म्हणतो उन्हात ठेवा. तिसरा म्हणतो मशीनच बदलून टाका, पाच मिनिटांचं काम. चौथा म्हणतो अजिबात हात लावू नका, 'व्हिंटेज व्हॅल्यू' जाईल. आणि पाचवा, जो बहुधा पुण्यात नाहीतर बंगळुरात नोकरीला असतो, तो म्हणतो सोडा हो, मी नवीन घेऊन देतो.

माझं मत असं की हे पाचही जण चुकतात, आणि त्यांचं चुकण्याचं कारण एकच आहे. 'दुरुस्ती' हा एकच निर्णय आहे असं ते धरून चालतात. तसं नसतं. मशीनचा निर्णय वेगळा, डायलचा वेगळा, केसचा वेगळा. काही निर्णय उद्या फिरवता येतात आणि काही जन्मात फिरवता येत नाहीत. आपण आयटीवाले शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावायला घाबरतो, कारण रोलबॅक नसेल तर काय होतं ते आपल्याला माहीत असतं. तीच अक्कल घरातल्या घड्याळाला लावायला काय हरकत आहे?

हा विषय डोक्यात आला त्याचं कारण सीना नदी. सोलापूर जिल्हा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुष्काळ, टँकर आणि चारा छावण्या येतात. सोलापूर शहरात तर नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार यावर घराचं वेळापत्रक ठरवण्यात पिढी गेली. त्या जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला असा पूर आला की करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत घरंच्या घरं पाण्यात गेली. शेतातली माती वाहून गेली, जनावरं गेली. त्या नुकसानीपुढे एका मनगटी घड्याळाची गोष्ट सांगणं थोडं लाजिरवाणंच आहे. पण पाणी ओसरल्यावर माणसं चिखलातून काय काय उचलून धुतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. कागदपत्रं, फोटो, देव, आणि घड्याळ.

आमच्या मामांचं घर मोहोळ तालुक्यात, नदीपासून फार लांब नाही. त्यांच्या लोखंडी पेटीत एक एचएमटी जनता होतं. ऐन तरुणपणी, सोलापूरच्या गिरणीत कामाला असताना, पाळी गाठण्यासाठी घेतलेलं. तेव्हा सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचं, जेवायचं आणि झोपायचं. पण भोंगा सगळ्यांसाठी असतो, मनगटावरची वेळ आपली एकट्याची असते. गिरणी बंद पडली, मामा गावाकडे आले, शेती बघायला लागले. घड्याळाला मात्र रोज सकाळी चहाच्या आधी चावी द्यायची हा नेम चालूच राहिला. घर सोडायची वेळ आली तेव्हा ते पेटीतच राहिलं.

ज्यांचा जन्म टायटनच्या जमान्यातला आहे त्यांच्यासाठी थोडा इतिहास. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी मुळात यंत्रं बनवणारी यंत्रं तयार करायची. १९६१ मध्ये तिने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरात मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. त्याआधी चांगलं घड्याळ म्हणजे परदेशी घड्याळ, आणि परदेशी म्हणजे एकतर श्रीमंताचं नाहीतर चोरट्या मार्गाने आलेलं. 'जनता' हे त्यांच्या सुरुवातीच्या मॉडेलांपैकी एक, आणि नावाप्रमाणेच चाललं. लग्नात जावयाला एचएमटी, दहावीला पास झालेल्या मुलाला एचएमटी, निवृत्त होणाऱ्या साहेबाला एचएमटी. पुढे बॅटरीची क्वार्ट्झ घड्याळं आली, १९८७ मध्ये टायटन बाजारात उतरलं आणि चावीच्या घड्याळांचे दिवस भरत आले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता पाणी नेमकं काय करतं ते बघू.

जनताच्या पोटात साधं सतरा ज्वेलचं मशीन असतं. ज्वेल म्हणजे कृत्रिम माणकाचे बारीक खडे, ज्यांत चाकांचे आस फिरतात. त्यांना पाण्याने काही होत नाही. मशीनच्या पट्ट्या पितळेच्या, वर मुलामा दिलेल्या. त्या काळवंडतात, पण मोडत नाहीत. खरी अडचण पोलादाची. चावीची दांडी, चावी दिल्यावर फिरणारी छोटी दातेरी चाकं, मेन स्प्रिंग, सगळे स्क्रू, चाकांचे आस, आणि बॅलन्सचा केसासारखा आस, हे सगळं पोलाद. गंज चढला की तो मूळच्या लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा खातो, म्हणून चावी आधी जड होते आणि मग जागच्या जागी अडकते. आणि गंजाची पूड म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. ती तेलात मिसळून जिथे जिथे जाते तिथे घासत राहते.

या मशीनचं बॅलन्स तासाला अठरा हजार ठोके देतं. म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला चार लाख बत्तीस हजार. दिवसातून चार लाख वेळा घासायची मुभा मिळाली तर चिमूटभर पूड काय करेल ते सांगायला नको. त्यामुळे भिजलेलं घड्याळ 'चालतंय का बघू' म्हणून चावी देऊन हलवणं हा सगळ्यात वाईट सल्ला. चालत असेल तरी चालवू नये.

तांदळाचं सांगतो. मामेभावाने सगळ्यांसारखंच केलं, घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरलं. आठ दिवस. तांदूळ हवेतली ओल थोडीफार घेतो हे खरं, पण बंद केसच्या आतलं पाणी तो ओढून काढू शकत नाही. उलट त्याची पीठासारखी धूळ फटीतून आत जाते. आयफोन भिजला तर तांदळात ठेवू नका असं खुद्द अॅपलने २०२४ मध्ये लिहून टाकलं. फोनला जे चालत नाही ते घड्याळाला कसं चालेल?

उन्हाचं तर सोलापुरात कोणीही सांगेल. "आपल्याकडचं ऊन हाय, वाळंल की." वाळेल ना, पण कुठे? घड्याळ तापतं, आतल्या पाण्याची वाफ होते, बाहेर जायला वाट नसते, संध्याकाळी गार झालं की तीच वाफ काचेच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते आणि डायलवर उतरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे आपण आत एक छोटं ढगाचं यंत्र चालू करून देतो. शिवाय गरमीने तेल पातळ होऊन जिथे नको तिथे पसरतं. आणि समजा पाणी गेलंही, तरी पुराच्या पाण्यातला गाळ आणि क्षार आतच राहतात. पुराचं पाणी म्हणजे बिसलेरी नव्हे. त्यात माती, खत, गटार सगळं आलं.

तेव्हा पहिला निर्णय हा निर्णयच नाही. भिजलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, घड्याळ उघडणाऱ्या माणसाकडे न्यायचं. विकायचं, ठेवायचं की वापरायचं हे नंतर ठरवा. गंज तुमच्या कौटुंबिक चर्चेसाठी थांबत नाही. घरी स्पिरिटात बुडवायचा प्रयोगही नको. आतल्या पॅलेटचे दोन खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि स्पिरिटात लाख विरघळते.

आता खरे निर्णय.

पहिला, मशीन. सोलापुरात नवी पेठेत एक घड्याळवाले काका आहेत. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. त्यांनी झाकण उघडलं, बघितलं आणि सांगितलं, "दुसरं मशीन टाकून देतो की ओ. जनताचं मशीन हाय माझ्याकडं, चालू. अर्ध्या तासात घेऊन जावा." स्वस्त, झटपट, आणि चालणार हे नक्की. नव्वद टक्के लोक हो म्हणतील आणि त्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

इथे आपले व्हिंटेजवाले शहरी मित्र खवळतात. मूळ मशीन काढलं म्हणजे घड्याळाचा आत्मा गेला वगैरे. मला हे पटत नाही. जनताची मशीनं लाखांनी निघाली, एकाचा भाग दुसऱ्याला बसावा याच हेतूने. भाग बदलता येणं हीच त्या कारखान्याची कमाई होती. ते मशीन म्हणजे काही तंजावरची मूर्ती नाही. बदललेलं चाक त्या घड्याळाशी बेइमानी करत नाही. गिरणीत मामांनी मागाचे किती भाग बदलले असतील, म्हणून तो माग दुसरा झाला नाही.

पण तरीही मी आख्खं मशीन बदलायला नको म्हणालो, आणि कारण भावनेचं नाही, हिशोबाचं आहे. ते 'दुसरं मशीन' येतं कुठून? दुसऱ्या घड्याळातून. २०१६ ची तारीख आठवा. कारखाना बंद आहे, नवे भाग पूर्वीसारखे येत नाहीत. काकांच्या डब्यातलं चालू मशीन म्हणजे कोणाचं तरी मेलेलं घड्याळ. एका घड्याळासाठी आख्खं मशीन खर्च केलं तर तेवढ्यात जी चार घड्याळं एकेक भाग घेऊन वाचली असती ती गेली. म्हणून माझा नियम साधा आहे. जे पोलाद गंजलं ते बदला, जे साफ होऊ शकतं ते साफ करा, आणि जे काढलं ते फेकू नका, एका पुडीत बांधून परत घ्या.

काकांना हे ऐकून आनंद झाला असं नाही. का होईल? मशीन बदलणं अर्ध्या तासाचं काम, आणि गंजलेलं मशीन उघडून एकेक भाग सोडवणं दोन दिवसांचं. गिऱ्हाईक दोन्हींना एकच भाव देतं. त्यावर पुढे बोलतो.

दुसरा निर्णय डायल, आणि माझ्या दृष्टीने हाच सगळ्यात मोठा. पाण्याने मामांच्या डायलवर एका बाजूला तपकिरी डाग पडला. चारच्या आकड्याजवळचा रंग पोपडा धरून उठला. 'जनता' ही देवनागरी अक्षरं मात्र शाबूत. मामेबहिणीचं म्हणणं, एवढा खर्च करतोय तर डायलपण नवीन करून घेऊ, कसं चकचकीत दिसेल.

डायल नवीन करणं म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जुना रंग खरवडून काढतात, नवा मारतात आणि वर अक्षरं, आकडे पुन्हा छापतात. काम करणाऱ्याचा हात चांगला असला तरी अक्षरं थोडी जाड होतात, रेषा किंचित हलतात. हात वाईट असला तर विचारूच नका. नारंगी, पोपटी, जांभळी अशी कारखान्याने कधी काढलीच नाहीत अशी एचएमटी आणि फेवर-ल्युबा घड्याळं इंटरनेटवर ढिगाने मिळतात. जगभरचे संग्राहक त्यांना चेष्टेने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मुंबईकरांनी राग मानू नये. पोटासाठी केलेली ती कारागिरी आहे आणि विकणारा 'रंगवलेलं आहे' असं सांगून विकत असेल तर माझी तक्रार नाही. पण आपल्या घरातल्या घड्याळाचं ते करू नये, कारण खरवडलेला रंग परत येत नाही. बदललेलं चाक उद्या पुन्हा बदलता येतं. डायलला रोलबॅक नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण इटलीत आहे. ४ नोव्हेंबर १९६६ ला फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीचा पूर शहरात शिरला. सांता क्रोचे चर्चमधला चिमाब्वे या चित्रकाराचा क्रूस, तेराव्या शतकातला, पाण्यात उभा राहिला आणि त्याचा निम्म्याहून जास्त रंग धुऊन गेला. दुरुस्त करणाऱ्यांपुढे प्रश्न तोच, आमच्या मामेबहिणीचा. जुने फोटो आहेत, हात तयार आहेत, मग रंगवून टाकायचं का? त्यांनी नाही रंगवलं. गेलेल्या जागी बारीक रंगीत रेषांचं जाळं भरलं. लांबून बघितलं की चित्र एकसंध वाटतं. जवळ गेलं की मूळ कुठे संपतं आणि दुरुस्ती कुठे सुरू होते हे स्पष्ट दिसतं. दहा वर्षं गेली त्या कामात. पुराची खूण ठेवायची, पण चित्र डोळ्यांना तोडायचं नाही, असा तो मधला रस्ता.

आता कुठे चिमाब्वे आणि कुठे आमचं जनता, हे मला कळतं. पण तत्त्व स्वस्त आहे, त्याला इटलीला जावं लागत नाही. डायलवरचा सुटा पोपडा काट्यात अडकणार असेल तर तेवढाच काढायचा, मऊ ब्रशने धूळ झाडायची आणि थांबायचं. त्याला पाणी, साबण, पेट्रोल, काही लावायचं नाही. डाग राहतो. राहू दे. पुण्यात काही जुन्या घरांत पानशेतच्या पाण्याची रेघ भिंतीवर दाखवतात ना, तसा तो डाग.

तिसरा निर्णय केस आणि काचेचा, आणि तो पटकन संपतो. काच अॅक्रिलिकची असते, चरे पडलेली. खुशाल बदला, ती बदलण्यासाठीच असते. केसला मात्र बफिंग नको. मशीनवर घासून चमकवलं की कडा गोल होतात, आणि दर वेळी थोडी धातू जाते. आतून साफ, बाहेरून ब्रश, बस्स. पुरात भिजलेला चामड्याचा पट्टा टाकून द्या, त्यात हळवं होण्यासारखं काही नाही.

इथे एक धोक्याची सूचना. तुमचं घड्याळ एचएमटीच्याही आधीचं असेल, आजोबांचं वेस्ट एंड वगैरे, आणि काट्यांवर किंवा आकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी लावलेला पिवळट-तपकिरी रंग असेल, तर ते घरी उघडू नका. त्या काळी असा रंग रेडियमचा असायचा. चमक कधीच गेलेली असते, कारण चमकणारा पदार्थ झिजतो. पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे सोळाशे वर्षं आहे, ते कुठे जात नाही. पाण्याने तो रंग सुटतो, भुकटी होते, आणि ती श्वासातून आत जाणं वाईट. हा डॉक्टरी सल्ला नव्हे, पण टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेल्या उत्साही मंडळींना सांगायलाच हवं. काम करणाऱ्यालाही आधी कल्पना द्या.

आता पाचव्याचा सल्ला, 'नवीन घेऊन देतो'. खरं सांगायचं तर मलाही सुरुवातीला तेच सोपं वाटत होतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण मग मी मामांना विचारलं, जे इतका वेळ कोणीच विचारलं नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्या घड्याळाबद्दल त्यांच्या डोक्यावरून बोलत होतो.

"मामा, तुम्हाला ते कसं पाहिजे?"

"कसं म्हंजे? चाललं पाहिजे."

"डाग राहिला तर?"

"राहू दे की. टाइम दिसतोय न्हवं?"

"आणि नवीन घेतलं तर? बॅटरीचं, एकदम बरोबर टाइम."

"त्याला चावी द्यायची नसती," मामा म्हणाले, आणि विषय संपला.

पुरात घर गेलेल्या माणसाचं पुढचं वर्ष सगळं दुसऱ्यांच्या हातात असतं. पंचनामा कधी होणार, मदत कधी येणार, जमीन कधी वापशाला येणार. अशा वेळी रोज सकाळी आपल्या हाताने चालू होणारी एक वस्तू त्या माणसाला हवी आहे. हे कुठल्याही व्हिंटेज व्हॅल्यूच्या तक्त्यात बसत नाही. म्हणून 'घड्याळ कशासाठी आहे' हा प्रश्न 'घड्याळाची किंमत काय' याच्या आधी यायला हवा. तेच घड्याळ एखाद्या दिवंगत माणसाची आठवण म्हणून काचेच्या कपाटात राहणार असेल तर उत्तर वेगळं असेल. मग फक्त गंज थांबवायचा, साफ करायचं आणि न चालवता ठेवायचं. तेही बरोबरच. एकाच नुकसानीची दोन बरोबर उत्तरं असू शकतात, कारण प्रश्न घड्याळाचा नसतो, ते वापरणाऱ्याचा असतो.

तर काकांनी काम केलं. चावीची दांडी आणि तिच्याजवळची दोन चाकं पूर्ण खाल्लेली होती, ती डब्यातून आली. मेन स्प्रिंग बदलली. बॅलन्स दुसरा टाकला. एक स्क्रू गंजून पितळी पट्टीतच तुटला होता. तो त्यांनी कसा काढला? तुरटीने. पट्टीवरचं बाकी सगळं पोलाद काढून ती पट्टी तुरटीच्या गरम पाण्यात ठेवली. तुरटी पोलाद खाते, पितळेला सोडते. स्क्रू विरघळून गेला, भोकाचे आटे जसेच्या तसे. दाढी केल्यावर लावायची तुरटी! घड्याळवाल्यांची ही जुनी युक्ती आहे, पण डोळ्यांपुढे होताना बघितलं तेव्हा मी पंधरा वर्षांच्या इंजिनिअरिंगसकट गप्प झालो.

घड्याळ आता दिवसाला एखादं मिनिट मागे पडतं. मिनिट म्हणजे किती? दिवसातल्या १४४० मिनिटांतलं एक. म्हणजे पुरातून निघालेलं, निम्मं उसनं मशीन ९९.९३ टक्के बरोबर चालतंय. आपल्या किती प्रोजेक्टांच्या डेडलाइन एवढ्या बरोबर येतात ते तुम्हीच सांगा.

एवढ्या कामाचे काकांनी जे पैसे सांगितले ते ऐकून वाईट वाटलं. शनिवारी संध्याकाळी दोघं मल्टिप्लेक्सला गेलात तर त्याहून जास्त खर्च होतो. आपण फोनच्या स्क्रीनसाठी मुकाट हजारो मोजतो, आणि भिंगातून दोन दिवस बघणाऱ्या माणसाशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो. मग तोही 'मशीन बदलतो' म्हणतो, आणि आपण म्हणतो हल्ली चांगले कारागीर राहिले नाहीत. ते आपणच ठेवले नाहीत. दुरुस्ती हवी असेल तर वेळेचे पैसे द्यायला हवेत, भागांचे नव्हे. ज्या दिवशी या टेबलांवरचे दिवे विझतील त्या दिवशी तुमच्या माझ्या कपाटातली सगळी चावीची घड्याळं एकदम शोभेची होतील. मग मूळ मशीन, मूळ डायल यावर वाद घालायलाही काही उरणार नाही.

थोडक्यात काय, घरात असं घड्याळ असेल आणि ते भिजलं तर चर्चा नंतर, आधी उघडणाऱ्याकडे जा. मग ज्याचं आहे त्याला विचारा की ते कशासाठी हवं आहे. जे परत फिरवता येतं ते बिनधास्त करा. जे फिरवता येत नाही त्याला शेवटी हात लावा, आणि शक्यतो लावूच नका. काढलेले भाग पुडीत परत घ्या. काम सुरू व्हायच्या आधी डायलचा आणि मशीनचा फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे कोणी उघडलं तर त्याला कळेल कोणतं मूळ आणि कोणतं उसनं. आणि सांगितलेले पैसे न कुरकुरता द्या. जमलं तर थोडे वरच द्या.

बाकी तुमच्याकडचं घड्याळ न भिजलेलं, नुसतंच बंद पडून ड्रॉवरमध्ये असेल, तरी हा शनिवार-रविवार त्याच्यासाठी वाईट नाही. तेल वाळतं, रबर कडक होतं, आणि काकांचे डोळेही तरुण होत नाहीत.